आर्केड खेळ आणि फलाशेचा प्रश्न

नाणे किंवा टोकन टाकून सार्वजनिक ठिकाणी खेळायच्या यंत्रावरील व्हिडिओ खेळाला आर्केड खेळ म्हणतात. माणसाच्या उंचीचे कपाट, त्यात बसवलेला पडदा, एक जॉयस्टिक आणि काही बटणे एवढेच त्याचे बाह्यरूप. अमेरिकेत १९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ आणि १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ या खेळांनी या प्रकाराची सुरुवात झाली. पुण्यातल्या मुलांच्या हाती तो आला व्हिडिओ गेम पार्लरमधून. आता पार्लरांची जागा मॉलमधल्या गेम झोननी घेतली आहे.

या खेळांच्या घडणीत एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सुरुवातीच्या बहुतेक आर्केड खेळांत जिंकून खेळ संपवण्याची सोयच नव्हती. खेळणारा कितीही तरबेज असला तरी शेवटी पडद्यावर ‘गेम ओव्हर’ हीच अक्षरे उमटत. हे ठाऊक असूनही तो देहभान विसरून खेळे. अंतिम फळ हाती लागणार नाही हे आधीच कळलेले असताना माणूस एखादे कर्म जीव ओतून करू शकतो का, आणि करत असेल तर कशाच्या बळावर? निष्काम कर्माची चर्चा नेमकी याच प्रश्नाभोवती फिरते. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये ज्या पुण्यातून प्रसिद्ध झाले, तिथे हा प्रश्न परका नाही. आर्केड खेळाच्या निमित्ताने तो नव्याने तपासता येतो.

खेळाची घडण

आर्केड खेळाचे बहुतेक गुणधर्म त्याच्या व्यवहारातून आले आहेत. एकाच नाण्यावर कोणी तासभर यंत्र अडवून ठेवले, तर पार्लरवाल्याचा धंदा बुडतो. पहिल्या काही क्षणांतच खेळणारा बाद झाला, तर तो पुन्हा यंत्राकडे फिरकत नाही. या दोन टोकांच्या मधली वाट काढण्यासाठी काही संकेत रूढ झाले. नियम पाहताक्षणी कळले पाहिजेत, डाव काही मिनिटांचा असला पाहिजे आणि अवघडपणा सतत चढता राहिला पाहिजे. खेळ शिकायला सोपा आणि त्यात पारंगत व्हायला अवघड असावा, हे सूत्र अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांच्या नावाने ओळखले जाते.

याच गरजेतून ‘लाइफ’ आल्या. खेळणाऱ्याला बहुधा तीन संधी मिळतात, म्हणजे एका चुकीने सारे संपत नाही. पण चुकांना मोजकीच मुभा राहते. खेळाचे टप्पे पडले, त्यांना ‘स्टेज’ हे नाव मिळाले. प्रत्येक कृतीला गुण मिळू लागले आणि सर्वाधिक गुणांची नोंद ‘हायस्कोर’ म्हणून पडद्यावर राहू लागली. यंत्र मोकळे असले की पडदा स्वतःच थोडा डाव खेळून दाखवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतो.

चढत्या अवघडपणाचे उत्तम उदाहरण म्हणजे जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेला ‘स्पेस इनव्हेडर्स’ (१९७८). त्यात अकरा-अकराच्या पाच रांगांत ५५ शत्रू वरून खाली सरकत येतात. इतकी चित्रे एकदम हलवताना त्या काळच्या प्रोसेसरची दमछाक होई. शत्रू कमी होत गेले की त्याचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने धावू लागत. निशिकादो यांनी ही गोष्ट दोष मानून काढून टाकली नाही. तिलाच खेळाचा गाभा केले. त्यामुळे या खेळात खेळणाऱ्याचे यशच त्याची पुढची अडचण उभी करते. एक रांग साफ करावी तो पुढची चाल अधिक बिकट होते, आणि सगळे शत्रू संपले की नवी फौज आधीपेक्षा खालून सुरुवात करते.

प्रकार आणि त्यांतील कर्माचे चित्र

आर्केड खेळांचे प्रकार सहसा खेळण्याच्या रीतीवरून पाडले जातात. प्रत्येक प्रकारात माणसाच्या कर्माचे वेगळे चित्र दिसते आणि तेच इथे महत्त्वाचे आहे.

पहिला प्रकार नेमबाजीचा. ‘स्पेस इनव्हेडर्स’, ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ (१९७९), ‘गॅलॅक्सियन’ (१९७९) हे त्यातले ठळक खेळ. ‘मिसाइल कमांड’ (१९८०) मध्ये सहा शहरांवर क्षेपणास्त्रांचा वर्षाव होत असतो आणि खेळणाऱ्याने ती वाचवायची असतात. क्षेपणास्त्रे कधी संपत नाहीत, त्यामुळे सगळी शहरे शेवटी पडतातच. रक्षण किती वेळ टिकले, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती उरते. संरक्षणाचे कर्तव्य अपयशाची खात्री असतानाही करायचे, अशी ही मांडणी आहे.

दुसरा प्रकार चक्रव्यूहाचा. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) हा त्याचा नमुना. त्यात शत्रूला मारण्यापेक्षा वाट ओळखण्याला आणि वेळ साधण्याला महत्त्व आहे. चार भुते पाठलाग करतात, पण प्रत्येकाची रीत निराळी. एक सरळ मागे लागते, दुसरे पुढची वाट अडवायला धावते. त्यांचा स्वभाव ओळखणे हीच खेळातली खरी विद्या.

तिसरा प्रकार चढण्या-उड्या मारण्याचा. निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांचा ‘डाँकी काँग’ (१९८१) यातला सुरुवातीचा मोठा खेळ. शिड्या, उतार, अंगावर घरंगळत येणारी पिंपे आणि वर ठेवलेले ध्येय. ध्येय गाठले की पुढच्या टप्प्यात ते आणखी वर ठेवलेले असते.

चौथा प्रकार मारामारीचा. एकामागून एक गुंडांना लोळवत पुढे सरकायचे आणि टप्प्याच्या शेवटी ‘बॉस’शी दोन हात करायचे. ‘डबल ड्रॅगन’ (१९८७) ने हा प्रकार रुळवला. कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) भारतातल्या पार्लरांत त्यातल्या एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. या प्रकारात दोघे-तिघे भिडू एकाच बाजूने लढतात. ‘स्ट्रीट फायटर टू’ (१९९१) सारख्या खेळात मात्र दोघे समोरासमोर उभे ठाकतात. तिथे प्रतिस्पर्धी यंत्र नसून शेजारी उभा असलेला माणूस असतो, आणि त्यामुळे हार-जीत अंगाला अधिक लागते.

पाचवा प्रकार शर्यतीचा. ‘पोल पोझिशन’ (१९८२), ‘आउट रन’ (१९८६) अशा खेळांत शत्रू म्हणजे घड्याळ. सहावा ठोकळ्यांचा आणि जुळणीचा. मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी घडवलेला ‘टेट्रिस’ १९८८ मध्ये आर्केड यंत्रांवर आला. त्यात नीट पूर्ण झालेली ओळ नाहीशी होते, म्हणजे चांगल्या कामाची खूण मागे राहत नाही. सातवा तालाचा. ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ (१९९८) मध्ये पायांखालच्या फळीवर तालात पावले टाकायची असतात. या शेवटच्या प्रकारात कर्म आणि आनंद यांतले अंतर जवळपास मिटते.

खेळातून अध्यात्म सांगण्याची मराठी रीत

खेळाकडे तत्त्वविचार म्हणून पाहणे मराठी परंपरेला नवे नाही. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू, हुतुतू अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. एकनाथांच्या भारुडांतही फुगडी आहे. संतांनी हे खेळ दृष्टान्त म्हणून निवडले, कारण ऐकणाऱ्यांच्या हातापायांना ते ठाऊक होते. हुतुतूत दम टिकवावा लागतो, फुगडीत दोघांचा तोल एकमेकांवर अवलंबून असतो. साधनेतल्या गोष्टी अशा अंगवळणी पडलेल्या अनुभवातून सांगता येतात. आषाढी वारीत पुण्यात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. त्या वाटेवर वारकरी आजही फुगड्या घालतात, रिंगणात धावतात. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी बाद होत नाही.

मोक्षपटाची परंपरा याहून नेमकी आहे. आजच्या सापशिडीचे हे पूर्वरूप. पटावरची घरे पाप-पुण्यांच्या, गुण-दोषांच्या नावांची. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात साप गिळतो आणि शेवटचे घर मोक्षाचे किंवा देवाच्या धामाचे. वैष्णव आणि जैन परंपरांत अशा पटांचे वेगवेगळे प्रकार होते. महाराष्ट्रात त्याची निर्मिती ज्ञानदेवांच्या नावावर सांगितली जाते. हा संबंध लोकपरंपरेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोहोचला आणि पुढे त्यातला मोक्ष गळून फक्त साप आणि शिड्या उरल्या.

मोक्षपट आणि आर्केड यंत्र शेजारी ठेवले की दोन्हींची भूमिका स्पष्ट होते. मोक्षपटावर शेवट ठरलेला आणि शुभ आहे. पुरेसा वेळ खेळत राहिले तर प्रत्येक सोंगटी कधी ना कधी वर पोहोचते. पण तिची चाल कवड्यांच्या दानावर ठरते, म्हणजे खेळणाऱ्याचे कर्तृत्व जवळपास शून्य. आर्केड खेळात हे उलटे होते. प्रत्येक चाल खेळणाऱ्याच्या हातात असते आणि शेवट मात्र बहुधा हरण्यातच होतो. एका पटावर दैव सारे करते आणि मुक्ती देते. दुसरीकडे पुरुषार्थाला पूर्ण वाव मिळतो, पण मुक्ती मिळत नाही.

दैव आणि पौरुष

हा विरोध महाभारताच्या मुळाशीही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, त्यामुळे या ग्रंथातल्या द्यूताचे प्रसंग अभ्यासकांना नेमक्या पाठासह वाचता येतात. सभापर्वात युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व गमावतो. फासे हे दैवाचे साधन असे मानावे, तर शकुनी त्यात निपुण आहे, म्हणजे तिथे विद्या आहे. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ही विद्या उघडच सांगितली आहे. ऋतुपर्ण राजा नलाला अक्षहृदय ही फाशांची विद्या शिकवतो. ती झटपट गणना करण्याशी जोडलेली आहे. ती मिळाल्यावर नल पुन्हा खेळतो आणि द्यूतात गेलेले राज्य परत मिळवतो. ज्याला आपण दैव म्हणतो, त्यातला काही भाग न कळलेला नियम असतो, असा या कथेचा आशय घेता येतो.

‘पॅक-मॅन’च्या खेळाडूंनी हेच अनुभवले. मूळ यंत्रात भुतांच्या हालचाली नियमबद्ध होत्या. तीच वाट तशीच चालली तर भुतेही तशीच वागत. खेळणाऱ्यांनी त्यांचे ठराविक मार्ग पाठ केले आणि नवख्याला लहरी वाटणारा पाठलाग जाणत्याला उलगडलेला क्रम झाला. २५६ व्या टप्प्यावर मात्र आठ बिटांच्या मोजणीची मर्यादा आडवी येते, अर्धा पडदा विस्कटलेल्या चिन्हांनी भरतो आणि पुढे जाताच येत नाही. तिथवर काहीही न चुकता पोहोचलेल्याचे कमाल गुण ३३,३३,३६० होतात. पुरुषार्थाने दैवाचा बराचसा प्रदेश जिंकला, तरी यंत्राच्या घडणीतच असलेली सीमा उरते.

कायद्यालाही दैव आणि कौशल्य यांतला हा भेद करावा लागला. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात कौशल्याचा वाटा प्रधान असलेल्या स्पर्धेला जुगारातून बाजूला काढले. १९९५ च्या शिवानी खटल्यात कर्नाटकातल्या व्हिडिओ खेळांच्या पार्लरांचा प्रश्न होता आणि तिथे न्यायालयाने परवान्याचे नियंत्रण योग्य ठरवले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पुढचे पाऊल टाकले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना तो खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेदच त्याने बाजूला ठेवला. म्हणजे कायद्याचे लक्ष खेळाच्या स्वरूपाकडून खेळणाऱ्याला मिळणाऱ्या फळाकडे वळले. तत्त्वविचारालाही तिकडेच वळावे लागते.

फळ सुटते का?

निष्काम कर्मावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की फळाची इच्छा नसेल तर माणूस हातपायच हलवणार नाही. फळ नको म्हणणारा एक तर आळशी होईल, नाही तर ढोंगी. टिळकांनी ‘गीतारहस्या’त या आक्षेपाची दखल घेतली आहे. कर्म सोडणे आणि फलाशा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. कर्माचा परिणाम काय होईल याचा विचार करावा, ते नेटाने आणि कुशलतेने करावे. सोडायची ती त्या परिणामाला चिकटलेली ‘मला मिळालेच पाहिजे’ ही आसक्ती.

आर्केड खेळ या आक्षेपाला उत्तर देणारा पुरावा आहे. ‘मिसाइल कमांड’समोर उभा असलेला मुलगा शहरे वाचवण्यासाठी खरोखर झटतो. शहरे वाचणार नाहीत हे त्याला माहीत असते. तरी त्याचा हात ढिला पडत नाही आणि डाव संपल्यावर तो रडत बसत नाही. नव्याने उभा राहतो. फळाकडे पूर्ण लक्ष आणि फळाबद्दल मोकळे मन या दोन अवस्था एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, हे इथे दिसते.

पाश्चात्त्य विचारवंतांनीही खेळाचे हे वैशिष्ट्य टिपले आहे. बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या पुस्तकात खेळाची व्याख्या केली, ती अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न अशी. सी. थी गुयेन यांनी ‘गेम्स : एजन्सी अ‍ॅज आर्ट’ (२०२०) मध्ये त्यावर पुढचा विचार मांडला. काही जण जिंकण्यासाठी झगडतात. काही जण झगडता यावे म्हणून जिंकण्याचे ध्येय तेवढ्यापुरते अंगीकारतात. या दुसऱ्या वृत्तीत ध्येय खरे असते, पण ते साधन म्हणून. डाव संपला की ते खाली ठेवता येते. टिळकांच्या भाषेत सांगायचे तर इथे कर्म नेटाने होते आणि फलाशा सुटते.

तरी हे साम्य अर्धेच आहे. टिळकांच्या कर्मयोगाचे अर्धे अंग अनासक्ती, तर उरलेले अर्धे लोकसंग्रह. समाजाचे धारण-पोषण व्हावे म्हणून ज्ञानी पुरुषानेही कर्म करावे, असा गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा उपदेश आहे. पडद्यावरची सहा शहरे वाचली काय आणि पडली काय, खऱ्या गावातल्या कोणाचे काही बिघडत नाही. फळ कोणाच्याही जगण्याशी जोडलेले नसते, म्हणूनच ते सोडणे इथे सोपे जाते. रुग्ण वाचेल की नाही हे हाती नसताना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची अनासक्ती कितीतरी कठीण आहे. आर्केड खेळ निष्काम कर्माची शक्यता सिद्ध करतो. त्याचे मोल सिद्ध करत नाही. ते मोल कर्म कोणाच्या उपयोगी पडते यावर ठरते.

लीला आणि तिची मर्यादा

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रश्न येतो की ब्रह्माला काहीच मिळवायचे नसेल तर त्याने जग का निर्माण केले. उत्तर दिले आहे ते लीलेचे. शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात सर्व इच्छा पूर्ण झालेल्या राजाच्या क्रीडेचा दाखला देतात. पूर्णतेतून जे सहज घडते, ती लीला.

आर्केडचा खेळाडू मात्र पूर्ण नसतो. त्याला वाढायचे असते, काल जमले नाही ते आज जमवायचे असते. म्हणून त्याच्या खेळाला सरसकट लीला म्हणता येत नाही. पण पारंगत खेळाडूच्या डावात एक अवस्था येते, जिथे हात विचाराची वाट पाहत नाहीत आणि गुणांकडे लक्ष राहत नाही. तालाच्या खेळांत ती सर्वांत स्पष्ट दिसते. लीलेची कल्पना माणसाला अनुभवाने जिथवर गाठता येते, तिथवर ही अवस्था पोहोचते. हायस्कोरवर डोळा गेला की ती मोडते.

फळ विकत घेण्याची सोय

हायस्कोर आणि नाणे या दोन दारांनी फलाशा खेळात परत शिरते. गुण ही खेळापुरती मोजपट्टी असते. गुयेन यांनी दाखवलेला धोका असा की अशी सोपी, आकड्यांतली मोजपट्टी हळूहळू माणसाच्या मूळ मूल्यांचीच जागा घेते. मग खेळ आवडला की नाही यापेक्षा यादीत कितवा नंबर लागला, हे महत्त्वाचे होते.

नाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९८० च्या दशकात हरल्यावर आणखी एक नाणे टाकून त्याच जागेवरून पुढे खेळण्याची सोय रूढ झाली. ‘गॉन्टलेट’ (१९८५) मध्ये पात्राची शक्ती नुसत्या वेळेबरोबर झिजत राहते आणि नाणे टाकले की वाढते. पुढच्या मारामारीच्या खेळांना शेवट होता, आणि खिशात पुरेशी नाणी असली तर तो गाठता येत होता. मॉलमधल्या कित्येक यंत्रांतून आता गुणांऐवजी तिकिटे मिळतात आणि त्यांच्या बदल्यात वस्तू. अंतिम फळ अप्राप्य होते तोवर खेळणाऱ्याला खेळण्यातच अर्थ शोधावा लागे. फळ विकाऊ झाल्यावर ‘आणखी एकदा’ ही ओढ कसबाला सोडून खिशाला लागते. पार्लरबद्दल पालकांच्या मनात जी धास्ती होती, तिच्यात या ओढीची खरी जाण होती.

इथे जबाबदारी केवळ खेळणाऱ्याची उरत नाही. आसक्ती जिंकणे हे साधकाचे काम खरे. पण आसक्ती वाढावी म्हणूनच एखादी वस्तू घडवणे हे घडवणाऱ्याचे कर्म आहे आणि त्याचा हिशेब त्याच्याकडेच मागावा लागतो. दोन खेळ सारखेच रंजक असतील, तर ज्याचा अवघडपणा न्याय्य आहे, ज्यात हरण्याचे कारण खेळणाऱ्याला कळते आणि सराव केला की फरक पडतो, तो खेळ माणसाला स्वाधीन ठेवतो. ज्याचा अवघडपणा नाणे उकळण्यासाठी वाढवलेला असतो, तो त्याला पराधीन करतो. ही कसोटी मोबाइलवरच्या आजच्या खेळांनाही तितकीच लागू पडते.

आर्केड खेळाचे तत्त्वज्ञान सांगायचे तर दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. जिंकण्याची खात्री नसतानाही माणूस पूर्ण शक्तीने कर्म करू शकतो, हे या खेळाने रुपया-दोन रुपयांत असंख्य मुलांना अनुभवायला लावले. कर्मयोगाच्या वाटेवरची एक मोठी शंका त्याने दूर होते. पण ती क्षमता कशासाठी वापरायची, हे पडदा सांगत नाही. ते ठरवण्यासाठी लोकसंग्रहाचा विचार लागतो, आणि तो पार्लरच्या बाहेर, माणसांच्या व्यवहारातच करावा लागतो.